चारशे बारा माणसे आमच्याकडे राहत नसल्याबाबत

प्रति,
मा. उपअधीक्षक साहेब,
निवासी दाटी व धोकादायक वास्तू विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला, डावीकडचे शेवटचे दालन.

अर्जदार : मुख्य रहिवासी, वस्तीघर, गिरणीमागची गल्ली.
सध्या मुक्काम : आपल्या दालनाबाहेरील बाक.

विषय : वस्तीघरात चारशे बारा माणसे राहत नसल्याबाबत व त्याकारणे शुक्रवारी घरास सील न लावण्याबाबत.

संदर्भ : १) आपले सीलबंदीचे पत्र, शनिवारी आमच्या दारावर चिकटवलेले.
२) अर्जदाराचा सोमवारचा अर्ज, आपल्या आवक खिडकीने परत केलेला.

महोदय,

१. मनुष्य जगाच्या पाठीवर कोठेही गेला तरी त्यास प्रथम निवारा लागतो, मग अन्न, मग शेजार. आणि या तीन खांबांवरच मानवी संस्कृतीची टोलेजंग इमारत युगानुयुगे उभी आहे. आमची इमारत दुमजली असून ती परवा बंद होणार आहे.

२. प्रथम अर्जदाराच्या मुक्कामाविषयी खुलासा. सोमवारी दिलेला अर्ज आवक खिडकीवरील लिपिकांनी पत्ता पाहून परत केला. त्यांचे म्हणणे असे की, "ज्या पत्त्याचा वाद चालू आहे त्या पत्त्यावरून अर्ज घेता येत नाही, बाई. दुसऱ्या पत्त्यावरून करा." अर्जदार गेली एकोणीस वर्षे एकाच घरात राहते, सबब तिला दुसरा पत्ता नाही. तसे सांगितल्यावर लिपिक वैतागून म्हणाले, "मग जिथं बसलाय तिथला घाला!" सरकारी सूचनेचे पालन करणे हे अर्जदार आपले कर्तव्य समजते. बाक दक्षिणेकडून हलतो, एरवी चांगला आहे.

३. वस्तीघर म्हणजे काय, हे आपल्या पत्रातील "बेकायदा मुसाफिरखाना" या शब्दांवरून आपणांस कळलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात निवेदन करते. गिरणीमागच्या गल्लीत दूरदेशाहून आलेली माणसे राहतात. एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, नऊ भाषा आणि दोन नळ. पुष्कळ वर्षांपूर्वी काही शिकल्यासवरल्या मंडळींच्या मनात आले की, लांबून येऊन उपदेश करून परत जाण्यापेक्षा इथेच बिऱ्हाड करावे, शेजारी म्हणून राहावे, आणि जमेल ते करावे. त्यांनी हे घर घेतले. आज तिथे तिघे राहतात. खालच्या मजल्यावर दवाखाना चालवणारी डॉक्टरीणबाई, वरच्या मजल्यावर मुलांना चित्रकला शिकवणारे मास्तर, आणि जिन्याशेजारच्या खोलीत अर्जदार. पलंग तीन. माणसे तीन. हा हिशेब कृपया लक्षात ठेवावा, कारण आपल्या निरीक्षकांनी तो ठेवला नाही.

४. अर्जदार येथे आली ती सहा महिन्यांसाठी, वस्ती सुधारायला. पहिल्याच आठवड्यात तिने "स्वच्छतेचे महत्त्व" या विषयावर दोन तास व्याख्यान दिले. बायका तुडुंब. कानांत प्राण आणून ऐकत होत्या. अर्जदाराला भरून आले. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारले, "झालं? मग आता नळ कधी सोडणार?" ऐकून घेतले की पाणी जास्त वेळ येते असा सर्वांचा समज होता. त्या दिवसापासून अर्जदाराने व्याख्यान बंद केले आणि नळासाठी अर्ज लिहिला. तो अर्जदाराच्या हातून लिहिला गेलेला पहिला अर्ज. दुसरा नळ आला. मग कोणी म्हणाले शाळेसाठी लिहा, कोणी म्हणाले गिरणीच्या धुराड्यासाठी लिहा. गल्लीत तिला आता "अर्जबाई" म्हणतात. मूळ नाव विचारले तर विचार करावा लागतो.

५. आता चारशे बाराबद्दल. नव्याने आलेल्या माणसाला कामाचा परवाना हवा तर पत्ता लागतो. मुलाला शाळेत घालायचे तर पत्ता लागतो. दवाखान्याचे कार्ड, वाचनालयाची चिठ्ठी, बायकोपोरांना बोलावण्याची परवानगी, सगळ्याला पत्ता. परंतु गल्लीतील घरमालक कोणालाही "हा माझ्याकडे राहतो" असे लिहून देत नाहीत, कारण एका खोलीत किती माणसे ठेवायची याबद्दल आपल्याच विभागाचा कडक नियम आहे. परिणामी ही माणसे राहतात सर्वत्र आणि कागदोपत्री कोठेच राहत नाहीत. अशा वेळी अर्जदाराने काय करावे? पहिल्यांदा एका सुताराच्या अर्जावर तिने "राहणार : वस्तीघर" असे लिहिले, तात्पुरते म्हणून. सुताराचे काम झाले. सुताराने मेहुण्याला सांगितले. मेहुण्याने जहाजावरच्या ओळखीच्यांना सांगितले. तात्पुरते म्हणून लिहिलेला तो पत्ता आज चारशे बारा जणांचा झाला आहे. पत्रे आमच्याकडे येतात, माणसे संध्याकाळी येऊन घेऊन जातात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवली जातात, आणि वाईट बातमी असली तर पाठीवर हात ठेवायला डॉक्टरीणबाई असतात. नम्रपणे नमूद करते की, आपल्याच कार्यालयाच्या तळमजल्यावरील खिडकी नवागतांना "पत्ता नसेल तर वस्तीघरात जा, तिथल्या बाई देतील" असे सांगते. एका चिठ्ठीवर तसे लिहूनही दिलेले आहे. प्रत सोबत जोडली आहे.

६. गेल्या महिन्यात आपल्या विभागाने सर्व अर्ज एकत्र करून पत्त्यांची यादी केली. सहा खोल्यांच्या घरात चारशे बारा प्रौढ निघाल्यावर विभाग हादरला असल्यास अर्जदारास आश्चर्य नाही. ती स्वतःही हादरली. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी निरीक्षक तपासणीस आले. गृहस्थ सज्जन, पायपुसण्यावर पाय पुसून आत आले. त्यांना घरात डॉक्टरीणबाई, मास्तर, अर्जदार, पाळणाघरातली अकरा तान्ही मुले व ती सांभाळणाऱ्या आजी एवढेच आढळले. निरीक्षकांनी यादीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून विचारले, "बाकीचे कुठे लपवलेत?" अर्जदाराने लपवलेले नाहीत म्हणून सांगितले. त्यांनी मास्तरांचे कपाट उघडले. त्यावर पाळण्याची दोरी ओढता ओढता आजी म्हणाल्या, "तिथं कसे सापडतील, लेकरा? आम्ही माणसांच्या घड्या घालून ट्रंकेत ठेवतो." हे उद्गार अहवालात "ट्रंकांची तपासणी बाकी" असे नोंदवले गेले आहेत. ते वगळावेत ही विनंती. आजींचे बोलणे ऐकून आम्ही कोणीच ट्रंक उघडत नाही.

७. निरीक्षक संध्याकाळी पुन्हा आले. तेव्हा वाचनवर्ग, शिवणवर्ग आणि पत्रवाटप असे तिन्ही चालू होते व एकसष्ट माणसे हजर होती. "आले बघा कामावरून घरी," असे निरीक्षक स्वतःशीच म्हणाले. न्हावी वाचनवर्गात शिकत होता तिथे त्याला एकदा मोजले. नंतर तोच मागच्या पडवीत मास्तरांचे केस कापत होता तिथे दुसऱ्यांदा मोजले. तो म्हणाला, "साहेब, मी मघाचाच." साहेब म्हणाले, "सगळे तेच म्हणतात." तपासणीच्या नमुन्यात रकाना सातमध्ये सेवा देणारे आणि सेवा घेणारे वेगळे लिहायचे असतात. तिथे निरीक्षकांनी "बोध होत नाही" असा शेरा मारला. तो मात्र अगदी खरा आहे. कारण अक्षरे शिकायला येणारा न्हावी फुकट केस कापतो, डॉक्टरीणबाईंकडून औषध नेणारी बाई डॉक्टरीणबाईंना ताप आला तेव्हा आठ दिवस उशाशी बसली होती, आणि अर्जदाराला इथल्या नऊपैकी चार भाषांतून भांडता येते ते सर्व तिच्या विद्यार्थिनींनी शिकवले. कोणी कोणाला सुधारले याचा एकोणीस वर्षांत बोध अर्जदारालाही झालेला नाही.

८. तीन पलंग पाहून निरीक्षकांनी असा निष्कर्ष काढला की चारशे बारा माणसे पाळीपाळीने झोपतात. अर्जदाराने गणित करून पाहिले. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी दहा मिनिटे झोप येते. एवढ्या झोपेवर कोणी गिरणीत बारा तास उभा राहू शकेल काय, याचा विचार विभागाने करावा. गिरणीचालकांना मात्र ही कल्पना कळू देऊ नये.

९. इथवरचे सारे हसण्यावारी नेता आले असते. परंतु चारशे बारांपैकी एका व्यक्तीचा प्रश्न परवावर आला आहे, आणि खरे तर त्यासाठीच अर्जदार दोन दिवस या बाकावर बसून आहे. ती व्यक्ती कपड्यांच्या कारखान्यात बटणांची काजे करते. गल्लीत तिला काजवाली म्हणतात. सात वर्षांपूर्वी ती एकटी आली, मुलीला बहिणीपाशी ठेवून. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, आज चौदाची आहे. आईच्या परवान्यावर मुलीला आणता येते ते पंधरा पुरी होईपर्यंतच. पंधराव्या वाढदिवसाला दोन महिने उरले आहेत. तीन अर्ज नामंजूर झाले, तिन्ही अर्जदारानेच लिहिलेले. चौथा मंजूर झाला. परवाना कार्यालयाचे कार्ड आले आहे की, मुलीचे प्रवेशपत्र नोंदणीकृत टपालाने येत्या शुक्रवारी पत्त्यावर मिळेल, आणि पत्त्यावर कोणी न आढळल्यास ते परत जाऊन प्रकरण निकाली काढण्यात येईल. पत्ता अर्थातच आमचा. शुक्रवार अर्थातच आपला.

१०. दारावर आपले पत्र चिकटल्यापासून, म्हणजे शनिवारपासून, अर्जदाराने पुढील प्रयत्न केले. परवाना कार्यालयात पत्ता बदलून मागितला. उत्तर मिळाले, एकवीस दिवस लागतील व फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर जाईल. टपाल कचेरीत जाऊन पत्र तिथेच ताब्यात घेता येईल का, असे विचारले. प्रवेशपत्र फक्त पत्त्यावरच द्यायचे असते. मग अर्जदाराने आमच्या पोस्टमनना गाठले. पंधरा वर्षांची ओळख, त्यांच्या थोरल्या मुलीचे बाळंतपण डॉक्टरीणबाईंनीच केलेले. ते रस्त्यातच सायकल धरून उभे राहिले. म्हणाले, "ताई, माझ्या हातात असतं तर तिच्या कारखान्यात नेऊन दिलं असतं. पण दार उघडं पाहिजे, आतलं माणूस पाहिजे आणि सही पाहिजे. दाराला सील दिसलं की मला 'घर बंद' शिक्का मारावाच लागतो. तो मारला नाही तर माझ्या पोटावर पाय येतो." ते पुष्कळ वेळ सायकलची घंटी पुसत राहिले.

शेवटी काजवाली जिथे खरोखर राहते तिथल्या घरमालकाकडे अर्जदार गेली. ती त्याच्याकडे राहते, एवढे त्याने लिहून दिले तर चारशे बारांतून निदान एक तरी कमी होईल, असा विचार. घरमालक दारात उभे राहून म्हणाले, "कोण काजवाली? मी ओळखत नाही." त्याच वेळी काजवाली त्यांच्या मागून पाण्याची बादली घेऊन जिना चढत होती. तिने त्यांना "जरा सरका, दादा" म्हटले. ते सरकले.

११. येथे अर्जदारास एक कबुली द्यावयाची आहे. नियमाप्रमाणे पाहता ती दोषी आहे. जी माणसे घरात राहत नव्हती ती राहतात असे तिने चारशे बारा वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिले, आणि आता तीच अर्जदार त्यातले कोणीच राहत नाही म्हणून आपल्या दारात बसली आहे. दोन्हीपैकी एक खोटे आहेच. त्याची शिक्षा अर्जदाराला व्हावी, ती भोगेन. पण शनिवारी नोटीस वाचून झाल्यावर काजवाली जिन्यावर बसली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "अर्जबाई, तुम्हीच म्हणाला होतात, हा पत्ता पक्का आहे म्हणून." साहेब, अर्जदाराने एकोणीस वर्षांत या कार्यालयाची पुष्कळ उत्तरे ऐकली आणि प्रत्येकावर तिला प्रत्युत्तर सुचले आहे. या वाक्यावर तिने हा अर्ज लिहायला घेतला. काजवालीने मुलीसाठी एक झगा शिवून ठेवला आहे. मापाचा अंदाज पत्रांवरून. दरवर्षी उसवते आणि वाढवते.

१२. तरी पुढीलप्रमाणे मागण्या सादर आहेत :

(अ) सीलबंदीचा आदेश रद्द करावा, व वस्तीघर हे मुसाफिरखाना नसून शेजार आहे अशी नोंद घ्यावी. अशा नोंदीसाठी रकाना नसल्यास तो पाडावा.

(ब) ते शक्य नसल्यास गल्लीतील सर्व घरमालकांना आपापल्या भाडेकरूंचे अस्तित्व मान्य करण्याचा हुकूम द्यावा. त्यानंतर दाटीची जी प्रकरणे उघडकीस येतील त्यांनी आपला विभाग पुढील दहा वर्षे कामात राहील.

(क) तेही शक्य नसल्यास आदेशाची तारीख एक आठवडा पुढे ढकलावी. घर आणखी आठ दिवस पडणार नाही, याची हमी सुतार स्वतः द्यायला तयार आहे. त्याने खांबाला खांदा देण्याचीही तयारी दाखवली आहे.

(ड) तेही शक्य नसल्यास अर्जदारास आत ठेवून बाहेरून सील लावावे. तिच्याकडे दोन दिवसांचे पाणी आहे आणि सही करण्याइतकी शुद्ध ती राखील. (ही मागणी लिहून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी लक्षात आणून दिले की सील लावल्यावर दार उघडे असणार नाही. सबब (ड) मागे घेण्यात येत आहे. खोडाखोड केल्यास अर्ज परत होतो, म्हणून तशीच ठेवली आहे.)

(इ) यांपैकी काहीच शक्य नसल्यास आपण स्वतः एकदा येऊन संध्याकाळचे पत्रवाटप पाहावे. यायला वेळ ठरवावी लागत नाही. दार उघडेच असते, निदान उद्यापर्यंत.

आपल्याच दाराशी बसलेली,
अर्जदार
(अर्जबाई, मुख्य रहिवासी, वस्तीघर)

दिनांक : बुधवार, दुपारी, कार्यालय जेवणासाठी बंद असताना.

सोबत :
१) तळमजल्यावरील खिडकीने नवागतांना दिलेली चिठ्ठी, एक.
२) परवाना कार्यालयाचे कार्ड, प्रत. (मूळ कार्ड काजवाली हातातून सोडत नाही.)
३) न्हावी एकच असल्याबद्दल गल्लीतील चाळीस जणांचे निवेदन. त्यात न्हाव्याचीही सही आहे, त्याने स्वतः केलेली, अंगठा नव्हे.
४) नळाच्या जुन्या अर्जाची पोच.

ता.क. अर्ज दाखल करताना आपले शिपाईमामा बाकावर शेजारी येऊन बसले व हळूच म्हणाले, "ताई, एवढं सगळं साहेब वाचत नाहीत. ते शेवटची ओळ बघतात आणि शेरा मारतात. काय पाहिजे ते शेवटी लिहा, आणि लहानसं लिहा." त्यांचा सल्ला मानून वरील (अ) ते (इ) अर्जदार तूर्त बाजूला ठेवते. घराला सील लावणारे कर्मचारी शुक्रवारी सकाळी दहाला येणार आहेत. पोस्टमन आमच्या गल्लीत सव्वादहाला येतात. कर्मचाऱ्यांना तेवढे साडेदहाला पाठवावे.